राजम्यात तांबेरा, पण दोन झाडं कोरी. बी राखलंय, पुढं काय करू?

शिवार_भूम | १२ जानेवारी, रात्री ९:४०

राम राम मंडळी. भूम तालुक्यात माळावर दोन एकर राजमा हाय. ऑक्टोबरच्या शेवटाला पेरला. बी शेजाऱ्याकडनं घेतलेलं, पिशवी नाही का चिठ्ठी नाही. तुषारवर भिजवतो. पीक लई झ्याक आलं होतं, मंडळी म्हणली औंदा नजर लागंल. लागलीच. शेंगा भरायच्या टायमाला पानाखाली बारीक फोड, मग वरून पण, अन् दहा-बारा दिवसात सगळं रान तांबूस. पांढऱ्या रुमालानं पान पुसलं की विटकरी भुकटी. खालची पानं गळून खराटा झाला.

पण सांगायचं ते वेगळंच. सगळ्या रानात दोन झाडं कोरी राहिली. एक बांधाच्या कडंला, दुसरं बरोबर मधोमध, जिथं रोग जास्त तिथंच. दोन्हीचं बी वेगवेगळ्या डब्यात काढून ठेवलंय. पोरगं म्हणतंय पप्पा तुम्ही नवीन वाण काढला. खरंच असं असतंय का, का उगं डोक्यात हवा?

गुंठामंत्री | १२ जानेवारी, रात्री १०:०५

दोन झाडांवरून वाण निघत असता तर आमच्या गावात घरटी एक वाण असता. औषध वेळेवर मारलं असतं तर ही वेळ आली नसती. भाव काय चाललाय ते सांगा.

काळीमाती_लातूर | १२ जानेवारी, रात्री १०:३१

मंत्री, असं हसू नका. चंद्रपूरकडच्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे कुठं शिकलेले होते? पटेल-३ भातात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या राखल्या, दरसाल पेरत गेले, त्यातूनच एचएमटी भात निघाला. आज तो तांदूळ कुठं मिळत नाही सांगा.

एक शंका माझी पण. शेजारी गहू आहे, त्यावरही तांबेरा असतो. तोच राजम्यावर उडून येतो का? आणि सोयाबीनचा?

रोपपैदास | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

काळीमाती, गव्हाचा नाही. नाव एक, बुरशी वेगळी. गव्हाची वेगळी, सोयाबीनची वेगळी. सोयाबीनची घेवड्यावर येऊ शकते, पण ती वेगळीच. राजमा-घेवड्याची जी आहे ती युरोमायसेस अपेंडिक्युलेटस, तिला गहू-सोयाबीनचं काही घेणं नाही. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला पुरा संसार करायला बार्बेरीसारखं दुसरं झाड लागतं. घेवड्याच्या तांबेऱ्याला तेही लागत नाही. त्याच्या बीजाणूंच्या, म्हणजे बुरशीच्या बियांच्या, पाचही अवस्था घेवड्यावरच होतात. म्हणून रानात आपोआप उगवलेली राजम्याची झाडं आणि परसातला भाजीचा श्रावणघेवडा यांच्याकडं जरा संशयानं बघा.

आता शिवार दादा, तुमचा प्रश्न. मी परभणीला पैदासशास्त्रात एम.एस्सी. केलं, विषय तूर होता, त्यामुळं घेवड्यातला तज्ज्ञ वगैरे नाही. पण कोरं झाड दिसलं की कुणीही पैदासकार नाचायच्या आधी तीन गोष्टी विचारतो.

पहिली, झाड वाचलं की चुकलं? बांधाकडंला वारा लागतो, पान लवकर सुकतं, तुषारचं पाणी पण पुरतं पोचत नाही. तिथं रोग आलाच नसेल. दुसरी, ते झाड त्याच वाणाचं आहे का? चिठ्ठी नसलेल्या बियात भेसळ असतेच. तिसरी शक्यता म्हणजे खरोखर त्याच्या रक्तात काहीतरी आहे.

दोन्ही डब्यांतलं बी तळहातावर घेऊन फोटो टाका. आणि झाडं कशी होती, ठेंगणी झुडपी का वेल धरणारी?

ताई_वाशी | १३ जानेवारी, सकाळी ११:५०

दादा, तुषार कधी चालवत होता? आमच्याकडं लाइट रात्रीची, म्हणून सगळे रात्रीच लावतात. आधीच डिसेंबरात दव, त्यात वरून फवारा. पान रात्रभर ओलं. आम्ही मागच्या साली दिवसाची पाळी असली तरच लावलं, तर तांबेरा आला पण उशिरा आला.

शिवार_भूम | १३ जानेवारी, रात्री ८:२०

ताई, रात्रीच. दुसरा इलाज नाही, लाइटच तशी.

फोटो टाकलेत. बांधाकडच्या झाडाचं बी बाकीच्यासारखंच, मोठं तांबडं. मधल्याचं बघून मीच येडा झालो. काळं कुळकुळीत, बारीक, उडदाच्या मोठ्या भावासारखं. अन् हो, ते झाड शेजारच्या झाडांवर चढलं होतं. मला वाटलं खत जास्त लागलं.

रोपपैदास | १३ जानेवारी, रात्री ९:४५

मग मधल्याचं कोडं अर्धं सुटलं. ते तुमच्या वाणातून निपजलेलं नाही, बियात आलेला पाहुणा आहे. पण पाहुणा मोठ्या घरचा असू शकतो.

घेवडा माणसानं दोनदा, दोन ठिकाणी माणसाळवला. एकदा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडं, एकदा दक्षिण अमेरिकेत अँडीज डोंगरात. अँडीजवाले बहुतेक मोठ्या दाण्याचे, मध्य अमेरिकावाले बारीक-मध्यम दाण्याचे. काळा बारीक दाणा बहुतेक दुसऱ्या घराण्यातला. गंमत अशी की बुरशीचीही दोन घराणी पडली आहेत. अँडीजकडची बुरशी मोठ्या दाण्याच्याच घेवड्यावर जास्त जोर करते, मध्य अमेरिकेची दोन्हींवर चालते. म्हणजे मोठ्या तांबड्या दाण्याच्या रानात बारीक काळं झाड कोरं राहिलं, तर ते परक्या घरच्या बुरशीला ओळखून अडवत असेल, हे अगदी शक्य आहे.

ताईंचा मुद्दा मात्र मोलाचा. बीजाणूला रुजायला गार हवा, साधारण १७ ते २७ अंश, आणि दहा-बारा तास सलग ओलं पान लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरातली आपल्या बालाघाटावरची रात्र म्हणजे त्याला आमंत्रणच, आणि रात्रीचा तुषार म्हणजे वर अक्षता.

गुंठामंत्री | १३ जानेवारी, रात्री १०:१०

रात्रीची लाइट बंद करा म्हणजे तांबेरा बंद, असा मोर्चा काढू आता. बाकी भाव कुणीच सांगेना.

काळीमाती_लातूर | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

आधी संक्रांतीचा तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

रोपपैदास सर, एक समजून सांगा. सोयाबीनमध्ये आपण फुले संगम लावतो, म्हणतात तांबेऱ्याला तग धरतो. राजम्यात असा वाण का नाही मिळत? आपल्याकडं तर वरुण सोडून दुसरं नावच ऐकू येत नाही.

रोपपैदास | १४ जानेवारी, दुपारी २:००

तिळगूळ घेतला. आता जरा लांब लिहितो, सुट्टी आहे.

"तांबेऱ्याला प्रतिकारक" हे वाक्यच अर्धं आहे. पुढं विचारायचं, कुठल्या तांबेऱ्याला? एच. एच. फ्लोर नावाच्या शास्त्रज्ञानं अमेरिकेत नॉर्थ डाकोटात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना १९४० च्या दशकात दाखवून दिलं की झाडाच्या एका जनुकासमोर बुरशीचा एक जनुक उभा असतो. झाडानं बुरशीची खूण ओळखली तर तिला अडवलं. बुरशीनं ती खूण टाकून दिली की झाड आंधळं. म्हणून एकाच बुरशीच्या आत अनेक पोटप्रकार असतात, त्यांना रेस म्हणतात. दिसायला सगळ्या सारख्या, तीच विटकरी भुकटी. फरक कळतो तो कुठल्या वाणावर फोड येतो आणि कुठल्यावर नाही त्यावरून. त्यासाठी जगभर ठरवून दिलेले बारा वाण आहेत, सहा अँडीजचे, सहा मध्य अमेरिकेचे. त्या बारांवर बुरशी सोडायची आणि कोण पडलं, कोण उभं राहिलं त्यावरून रेसला नंबर द्यायचा.

घेवड्यात तांबेऱ्याला अडवणाऱ्या जनुकांना यूआर म्हणतात आणि पुढं आकडा. यूआर-३, ५, ७, ११, १४ हे मध्य अमेरिकेच्या घराण्यातले. यूआर-४, ६, ९, १२, १३ अँडीजचे. यातला पैलवान म्हणजे यूआर-११. तो ग्वाटेमालाकडच्या पीआय १८१९९६ या काळ्या घेवड्यातून आला. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत जमवलेल्या ९० च्या आसपास रेसपैकी एक सोडून सगळ्या त्यानं अडवल्या. त्याला पाडणारी ती एकच रेस, नंबर १०८. आणि तिला कोण अडवतं? यूआर-४, जो भाजीच्या अर्ली गॅलाटिन वाणात सापडला आणि एकट्यानं फार काही मोठा नाही. पैलवान जिथं हरतो तिथं हा किरकोळ गडी जिंकतो. म्हणून तिथल्या पैदासकारांनी यूआर-३, ४, ६ आणि ११ असे चार-चार जनुक एका झाडात बसवले.

एकट्या जनुकावर भरवसा ठेवला तर काय होतं? यूआर-३ तिकडं कैक वर्षं चालला, बऱ्याच वाणांत तोच घातलेला. २००७ मध्ये मिशिगनला आणि २००८ मध्ये नॉर्थ डाकोटाला त्याला न जुमानणाऱ्या नव्या रेस निघाल्या. वाण तेच, शेतकरी तेच, आणि पान तांबडं.

आपल्याकडं बंगळूरच्या बागवानी संस्थेनं अर्का अनूप काढला, अर्का बोल्ड आणि अर्का कोमल यांच्या संकरातून. तांबेरा आणि जिवाणूचा करपा दोन्हीला प्रतिकारक म्हणून तो दिला जातो. पण तो शेंगभाजीचा वाण आहे, दाण्याचा नव्हे. भाजीचा घेवडा आणि राजमा वनस्पतीशास्त्रात एकच, त्यामुळं संकर सहज होतो. पण शेंगेत दोर नसलेला घेवडा दाण्यासाठी मळायला त्रास देतो, मग तो गुण परत झाडून काढावा लागतो.

म्हणून शिवार दादा, दोन्ही डबे जपून ठेवा. पुढच्या रब्बीत वाण म्हणून नव्हे, परीक्षा म्हणून पेरायचे. कडेनं आणि मधे तुमच्याच रोगट राजम्याच्या ओळी पंधरा दिवस आधी पेरा, त्यांच्यावर रोग आधी येऊ द्या. मग वाचलं की चुकलं ते कळेल. आणि भिंग आणा एक, पोरांच्या दप्तरातलं चालेल. कोऱ्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे वाळके ठिपके दिसतात का बघायचं.

ताई_वाशी | १४ जानेवारी, दुपारी ४:१५

ठिपके दिसले तर चांगलं का वाईट?

रोपपैदास | १४ जानेवारी, दुपारी ४:४०

लई चांगलं. बीजाणूतून निघालेला धागा पानावर चाचपडत पर्णरंध्र शोधतो. त्याला डोळे नाहीत, तो स्पर्शानं ओळखतो. रंध्राच्या ओठाची कड अर्धा मायक्रॉन उंच असते, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. १९८७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी तेवढ्याच उंचीच्या खोट्या कडा कोरून दाखवल्या, तर बुरशीनं तिथंही दार समजून तळ ठोकला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हॉस्टेलवर कुणालातरी उठवून सांगितलं होतं.

तर बुरशी आत शिरते. प्रतिकारक झाड तिला ओळखून आपल्याच त्या दोन-चार पेशी मारून टाकतं. ही बुरशी जिवंत पेशीवरच जगते, पेशी मेली की ती उपाशी. तो वाळका ठिपका म्हणजे लढाईची खूण. ठिपकाच नसेल तर लढाई झाली का नाही तेच कळत नाही.

मोजायची पट्टी पण आहे, १ ते ६. एक म्हणजे काहीच नाही, दोन म्हणजे नुसता मेलेला ठिपका, तीन म्हणजे फोड पण ०.३ मिलिमीटरच्या आत. इथपर्यंत प्रतिकारक. त्यापुढं गेलं की पाडाव.

शिवार_भूम | ८ डिसेंबर, रात्री ९:००

राम राम. वर्षानं धागा वर काढतोय. सरांनी सांगितलं तसं केलं. रोगट ओळी दसऱ्याच्या आसपास पेरल्या, डब्यातलं बी त्याच्या पंधरा दिवसांनी. तुषार मुद्दाम रात्री लावला, शेजारी विचारतोय डोकं फिरलं का.

बांधाकडचं तांबडं बी ४० पेरलं, ३६ उगवलं, छत्तीसच्या छत्तीस तांबेऱ्यानं भरलं. पोराचं तोंड बारीक झालं. काळं ३१ पेरलं, २९ उगवलं. एकावर पण भुकटी नाही. भिंगानं बघितलं तर पानभर बारीक वाळके ठिपके, कुणी सुई टोचून ठेवल्यावानी.

आता प्रश्न असा की मोंढ्यात आडत्याला दाणा दाखवला तर तो हसला. म्हणला हे काय उडीद का राजमा, ह्याला गिऱ्हाईक नाही. वेल पण एवढा की काढणीला गुंता.

रोपपैदास | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

दादा, जिंकलात. एकोणतीसच्या एकोणतीस कोरी म्हणजे काळं झाड त्या गुणात स्थिर आहे. घेवड्यात परपरागीकरण नगण्य, त्यामुळं असं होतंच. आणि आडत्याचंही बरोबर आहे. रोग न येणारा पण न खपणारा दाणा घेऊन करायचं काय? इथूनच खरी पैदास सुरू होते. काळ्याचा गुण तांबड्यात घालायचा.

फुलं चालू आहेत का दोन्हीकडं?

शिवार_भूम | ८ डिसेंबर, रात्री ९:४२

तांबड्याला हायेत. काळ्याला आता कळ्या लागल्यात. पण सर, ते फुलाचं काम आपल्याच्यानं होईल का? बोटं बघा आमची.

रोपपैदास | ८ डिसेंबर, रात्री १०:२०

कपाशीचं संकरित बी आपल्याकडच्या बायका हातानंच करतात, राजम्याचं फूल त्याहून लहान, एवढंच. घरात ज्याची नजर आणि बोट बारीक त्याला बसवा.

तांबडं आई करा. उद्या उमलेल अशी टपोरी कळी निवडा, उमललेलं फूल घेऊ नका, कारण घेवड्याचे परागकोश फूल उमलायच्या आधीच फुटतात. वरची मोठी पाकळी, बाजूच्या दोन पाकळ्या चिमट्यानं बाजूला करा. आत होडीसारखी, गोगलगायीगत वळलेली पाकळी असते, ती हलकेच सोडवा. दहाच्या दहा पुंकेसर काढा, एक पण राहता कामा नये. मग काळ्याचं ताजं उमललेलं फूल घेऊन त्याची परागानं माखलेली कुक्षी आईच्या कुक्षीला घासा. दोरा बांधा, तारीख लिहा. सकाळी दहाच्या आत. दहा केले तर एक-दोन लागतील, वाईट वाटून घेऊ नका. काळ्याला फुलं उशिरा येतात, म्हणून थोडं तांबडं आत्ता परत कुंडीत पेरून ठेवा, म्हणजे गाठ पडेल.

गुंठामंत्री | ९ डिसेंबर, सकाळी ६:५५

एवढं करण्यापेक्षा दोन फवारे स्वस्त नाहीत का? खरंच विचारतोय, चेष्टा नाही.

ताई_वाशी | ९ डिसेंबर, सकाळी ९:१०

मंत्री, यंदा माझे तीन झाले. औषध, पंप, माणसाची हजेरी. आणि तीन करूनही खालची पानं गेलीच, कारण राजमा दाटला की खाली औषध पोचतच नाही. एवढ्या खर्चात राजमा आधीच युरिया मागतो, हरभऱ्यासारख्या मुळाला गाठी कुठं येतात त्याला.

शिवार_भूम | २० फेब्रुवारी, रात्री ८:१५

२२ फुलं केली. मी सहा, मंडळींनी सोळा. माझी सगळी गळाली. तिच्या तीन शेंगा लागल्या, त्यात ११ दाणे. पण सर, वाईट बातमी. दाणे सगळे तांबडेच निघाले. काळ्याचा मागमूस नाही. म्हणजे फेल ना?

रोपपैदास | २० फेब्रुवारी, रात्री ८:३२

फेकू नका!! दाण्याचं साल आईचं असतं. बाप कुणीही असो, साल तांबडंच दिसणार. आतलं लेकरू कुणाचं ते पेरल्यावर कळेल.

तुमच्याकडं फुकटची कसोटी आहे. तांबडं झुडपी, काळं वेलवर्गी, आणि वेलाचा गुण वरचढ असतो. त्या ११ दाण्यांतून झुडपं निघाली तर आई स्वतःच फळली, तुमचा एखादा पुंकेसर राहून गेला. वेल निघाला तर खरा संकर. उन्हाळ्यात पेरू नका, तिशीच्या वर पारा गेला की फुलं गळतात. जुलैत कुंडीत लावा, काठी रोवा.

खरा संकर निघाला तर त्याचं बी पुढच्या रब्बीत त्याच रोगट ओळींमधे पेरायचं. गुण एकाच वरचढ जनुकाचा असेल तर चारातली तीन झाडं कोरी राहतील. त्यात झुडपी चारात एक. म्हणजे १६० झाडं लावली तर कोरी आणि झुडपी अशी साधारण ३० मिळतील. त्यातून तांबडा मोठा दाणा शोधायचा, आणि तो परत तुमच्या तांबड्याशी जोडायचा. दोनदा परतवला की सुमारे ८७ टक्के आईचं रक्त. दाण्याचा आकार मात्र सहज परत येत नाही, तिथं घाम निघेल. त्या काळ्याचा जनुक कुठला हे प्रयोगशाळेतच कळेल, तोवर तो एकटा आहे असंच धरा. जमलं तर अर्का अनूपही दुसऱ्या कुंडीत लावून ठेवा, पुढं दोन्ही गुण एकत्र करता येतात का बघू.

आणि काळ्याचं थोडं बी विद्यापीठात नेऊन द्या, पावती घ्या. २००१ च्या वाण-हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो, पण आत्ता घाई नको.

काळीमाती_लातूर | २१ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

वहिनींचं नाव धाग्याला द्या राव. सोळात तीन म्हणजे कमाल.

शिवार_भूम | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०५

पाऊस बरा हाय. ११ दाणे सात कुंड्यात लावले, ९ उगवले. सहा झुडपीच राहिली, फुलावर आली, ती आईचीच.

तिघांनी शेंडा काढलाय. एकानं काल काठी सोडून वाळत घातलेल्या कपड्याची दोरी धरली. मंडळी म्हणती आता तिथं कपडे वाळत घालायचे नाहीत.

गुंठामंत्री | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

दादा, त्या तिघातलं बी थोडं माझ्यासाठी ठेवा. रोगट ओळी माझ्याकडं तयारच असतात.